आजोबांची बंदूक आणि तुमचं इन्स्टा

एनसीसीत असाल तर ती तुमच्या खांद्यावर आलेली असण्याची शक्यता आहे. लाकडी बट, जड लोखंड, वर-मागे-पुढे-खाली फिरणारा बोल्ट. परेडच्या सरावाला दिलेली ती निकामी केलेली रायफल बघून तुमच्यातल्या कुणीतरी नक्की विचारलं असेल, ‘सर, ही खरी आहे का हो?’

खरी होती. तिचं नाव ली-एनफिल्ड, आपल्याकडे सगळे म्हणतात ‘थ्री नॉट थ्री’. जगभरात आज ही रायफल जमवणारे, दुरुस्त करून मैदानावर चालवणारे हजारो लोक आहेत. त्यांचे व्हिडिओ पाटणच्या एसटी स्टँडवर बसूनही बघता येतात. बघता बघता वाटतं, आपल्याकडेही एक असती तर! थांबा. त्याआधी ही गोष्ट नीट समजून घ्या. कारण तुमच्यापैकी काहींच्या घरात खरोखरच एक जुनी बंदूक असेल.

हिची आपल्याशी ओळख काय?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही रायफल ब्रिटिश फौजेत आली. मॅगझिनमध्ये दहा गोळ्या, त्या पाच-पाचच्या क्लिपने भरायच्या. बोल्ट इतका सुळकन चालतो, की तयार शिपायाने मिनिटाला पंधरा नेमके बार काढावेत, असं प्रशिक्षण असायचं. पुढे बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यातही ती बनू लागली. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, कुतच्या वेढ्यात अडकलेल्या मराठा पलटणींत आपल्याच भागातली पोरं होती. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला आजही लोक ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात, ते उगाच नाही.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे. 1942 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सातारा जिल्ह्यात कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. 9 सप्टेंबरला वडूजला आणि 10 सप्टेंबरला इस्लामपूरला पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. म्हणजे एका घरातला थोरला पलटणीत बंदूक घेऊन लढत होता आणि धाकटा बंदुकीसमोर झेंडा घेऊन उभा होता, असंही आपल्या जिल्ह्यात घडू शकत होतं. जुनी रायफल बघताना या दोन्ही गोष्टी एकदम आठवायला हव्यात.

1962 च्या चीन युद्धात आपले जवान हीच बोल्टची रायफल घेऊन लढले. त्यानंतर ईशापूरने तिचा 7.62 मिलिमीटरचा, बारा गोळ्यांचा अवतार काढला. पोलिसांकडे तर ती पार या शतकापर्यंत राहिली. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री सीएसटीवर एके-47 समोर पोलिसांच्या हातात थ्री नॉट थ्री होत्या. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो 2020 च्या प्रजासत्ताक दिनी.

छंद म्हणजे नेमकं काय करतात?

अमेरिकेत, ब्रिटनमध्ये जुन्या लष्करी रायफलींच्या खास स्पर्धा होतात. त्यात फिल्मी काही नसतं, निम्मा वेळ साफसफाईत जातो. आधी बोल्टवरचा आणि बॉडीवरचा नंबर जुळतो का बघायचं. काडतूस बसल्यावर बोल्टपुढे किती जागा उरते, ते गेजने मोजायचं. ती जास्त असेल तर काडतूस फुटून नेमबाजाच्याच तोंडाला इजा होऊ शकते. नळी झिजलीय का, लाकडाला चीर आहे का, हे तपासायचं. लाकडाला जवसाचं तेल चोळायचं. जुन्या दारूगोळ्यातल्या क्षारांनी नळी गंजते म्हणून बार झाल्यावर ती गरम पाण्याने धुवायची. मग कुठे नेम.

आपल्याकडे का नाही?

कारण थ्री नॉट थ्री हे लष्करी बोअर आहे. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार सामान्य नागरिकाला ते ठेवता येत नाही. म्हणूनच आपल्या कारखान्याने त्याच बनावटीची .315 बोअरची रायफल नागरिकांसाठी काढली. तिलाही परवाना लागतोच. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे जास्तीत जास्त दोनच शस्त्रं राहू शकतात. मनाई असलेलं शस्त्र सापडलं तर सात ते चौदा वर्षं कैद. लग्नात-वरातीत बेफिकीरपणे बार काढला आणि इतरांच्या जिवाला धोका झाला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हुबेहूब प्रतिकृतींनाही 2016 चे शस्त्र नियम लागू आहेत, त्यामुळे ऑनलाइन ऑर्डर करण्याआधी ते वाचा.

आता घरातल्या बंदुकीचं. डोंगराकडच्या वाड्यावस्त्यांवर रानडुकरांपासून पीक राखायला परवान्याची बंदूक असते. आजोबा गेले, बंदूक खुंटीला तशीच राहिली. नातू एक दिवस ती काढतो, फोटो टाकतो, खाली लिहितो ‘नाद करायचा नाय’. परवाना आजोबांच्या नावावर होता, तो त्यांच्याबरोबर संपला. म्हणजे आता ती बंदूक बेकायदा आणि पुरावा स्वतः नातवानेच टाकलेला. पोलीस भरती किंवा आर्मीची तयारी करणाऱ्या पोरावर एक गुन्हा नोंद झाला, तर चारित्र्य पडताळणीत काय होईल, हे तुम्हाला सांगायला नको.

तर मग? बंदूक जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि पावती घ्या. घरातल्या मोठ्या माणसाला ती ठेवायची असेल तर त्यांनी वारस म्हणून परवान्याचा अर्ज करावा. अगदी पुरातन, वापरण्याजोगी न राहिलेल्या शस्त्रांना कायद्यात सूट आहे. पण आपली त्यात बसते की नाही, हे आपण परस्पर ठरवायचं नाही.

नाद करायचाय ना?

मग रीतसर करा. एनसीसीच्या कॅम्पला .22 रायफलचं फायरिंग असतं, ते चुकवू नका. दहा मीटर एअर रायफलने क्लबमध्ये सुरुवात करता येते. एकवीस वर्षांखालच्यांना स्वतःचा परवाना मिळत नाही, पण प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली सरावाला कायदा जागा देतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पन्नास मीटर रायफलचं ब्राँझ घेऊन आला. 2010 ची विश्वविजेती तेजस्विनी सावंतही कोल्हापूरचीच.

आणि जमवायचंच असेल तर परवाना न लागणारं जमवा. एनसीसीच्या रायफलवरचे शिक्के वाचा. ‘जीआरआय’ आणि मुकुट म्हणजे राजा जॉर्जच्या काळातली, अशोकस्तंभाचे सिंह म्हणजे स्वातंत्र्यानंतरची. गावातल्या माजी सैनिकांकडे जा. मेडल कुठलं, पलटण कुठली, पहिला बार कुठे काढला, ते विचारा आणि फोनवर रेकॉर्ड करा. ली-एनफिल्ड जगात लाखांनी आहेत. ती खांद्यावर घेतलेला तुमच्या गल्लीतला म्हातारा मात्र एकच आहे, आणि तोही कायमचा नाही. या रविवारी त्याच्याकडे जाऊन या.