चहाचा कप आणि चुकलेलं साल
(लेखमाला : मालिकांची घडण, भाग ६)

मालिकेचं चित्रीकरण कथेच्या क्रमानं का होत नाही, हे गेल्या भागात पाहिलं. एकाच दिवाणखान्यातले, पण वेगवेगळ्या भागांतले प्रसंग एका दिवसात उरकले जातात, कारण दिवे पुन्हा पुन्हा लावण्याएवढा वेळ कुणाकडेच नसतो. प्रेक्षकांच्या लाडक्या चुका यातूनच निघतात. लांबून घेतलेल्या शॉटमध्ये चहाचा कप अर्धा रिकामा असतो आणि जवळून दाखवला की काठोकाठ भरलेला. दारातून निघताना केस मोकळे असतात आणि अंगणात पोचेपर्यंत वेणी. सेटवर याला ‘कंटिन्युइटी’ म्हणतात. ती सांभाळायला माणूस असतो, शॉटनंतर फोटोही काढून ठेवले जातात. तरी चुका राहतात, आणि बऱ्याचदा त्या कळूनसवरून राहू दिलेल्या असतात. ‘अपोकॅलिप्स नाऊ’चे संकलक वॉल्टर मर्च यांनी कट कुठे करावा याचे सहा निकष मांडले. त्यांत भावनेला ५१ टक्के वजन आहे, तर माणसं आणि वस्तू जागच्या जागी असण्याला अवघं ४ टक्के. नटाचं हसू ज्या टेकमध्ये जमलं, तोच टेक संकलक उचलणार, मग कप भरलेला असो की रिकामा. त्याचं बरोबरच आहे.

पात्रांच्या वयाचा आणि नात्यागोत्याचा घोळही मी याच खात्यात टाकतो. ‘फ्रेंड्स’मधला रॉस लागोपाठ तीन सीझन २९ वर्षांचाच राहतो. ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’ २००८ मध्ये सुरू झालं. तेव्हापासून टप्पूची भूमिका करणारे नट दोनदा बदलले, आणि २०१७ पासून पडद्यावर न दिसणाऱ्या दयाबेनचं माहेरपण काही संपत नाही. (इतकं लांबलेलं माहेरपण मराठी घरांत ऐकिवात नाही.) पण गोष्ट फिरून पहिल्या जागी येणं हा विनोदी मालिकेचा पायाच आहे. तिच्याकडे दिनदर्शिकेचा हिशेब मागण्यात अर्थ नाही. लेखक हुशार असेल तर घोळाचंही सोनं करतो. ‘चीअर्स’मध्ये फ्रेझरचे वडील वारलेले होते. १९९३ मध्ये त्याच्या नावानं स्वतंत्र मालिका आली, तेव्हा ते निवृत्त पोलीस म्हणून जिवंत अवतरले. पुढे एका भागात जुना मित्र भेटायला येतो आणि जाब विचारतो, तेव्हा फ्रेझर सांगतो की त्या वेळी बापलेकांचं भांडण झालं होतं, म्हणून तसं सांगितलं. चूक पात्राच्या स्वभावात मुरून गेली.

मालिकेच्या बाहेरच्या जगाबद्दलची चूक अशी मुरवता येत नाही. एप्रिल २०२२ मध्ये ‘तारक मेहता’च्या एका भागात ‘ऐ मेरे वतन के लोगों’ हे गाणं १९६५ चं असल्याचं सांगितलं गेलं. कुणी म्हणेल, दोन वर्षांचा तर फरक! पण या दोन वर्षांत काय काय उलटंपालटं होतं ते पाहा. कवी प्रदीप यांनी लिहिलेलं आणि सी. रामचंद्रांनी संगीत दिलेलं हे गाणं लता मंगेशकरांनी जानेवारी १९६३ मध्ये दिल्लीत गायलं. १९६२ च्या चीन युद्धात पडलेल्या जवानांसाठी ते होतं. साल १९६५ केलं की ऐकणारा ते पाकिस्तानशी झालेल्या युद्धाला जोडणार. शिवाय ते ऐकून नेहरूंच्या डोळ्यांत पाणी आल्याची जी आठवण सांगितली जाते, तीही खोटी पडते, कारण नेहरू मे १९६४ मध्येच गेले. एक आकडा चुकला आणि युद्ध बदललं, शत्रू बदलला, समोर बसलेला श्रोताही नाहीसा झाला.

यावर नेहमीचा आक्षेप असा की विनोदी मालिका म्हणजे इतिहासाचा तास नव्हे. मान्य. एखादं पात्र अज्ञानी असेल तर त्यानं खुशाल चुकीचं साल सांगावं. दुसऱ्यानं त्याची फिरकी घेतली की प्रेक्षकाला खरं काय ते कळतं. पण ज्या वाक्यावर कुणी हसत नाही, ज्याला कुणी हरकत घेत नाही, जे माहिती म्हणूनच सांगितलं जातं, तिथलं अज्ञान पात्राचं नसतं, लेखकाचं असतं. त्यातून या मालिकेचे जुने भाग पुन्हा पुन्हा दाखवले जातात, म्हणजे चूकही पुन्हा पुन्हा घरात येऊ शकते.

अर्थात चूक म्हणून ओरड झालेली प्रत्येक गोष्ट वस्तुस्थितीचीच चूक असते असं नाही. २०२० मध्ये याच मालिकेत बापूजींच्या तोंडी मुंबईची आम भाषा हिंदी असल्याचं वाक्य आलं. मनसेनं आक्षेप घेतला आणि निर्मात्यांना खुलासा करावा लागला. राज्याची राजभाषा मराठी आहे. १९६४ च्या अधिनियमानं ते स्पष्ट आहे. मात्र राजभाषा वेगळी आणि चारचौघांत चालणारी बोली वेगळी, हे आदिलाबाद जिल्ह्यातल्या तलमडुगुसारख्या ठिकाणच्या मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. घरात मराठी, सरकारी कागदावर तेलुगू, बाजारात हिंदी आणि शेजारच्या गुड्यात गोंडी असं पैनगंगेच्या या अंगाला चालतच आलं आहे. ‘मुंबईत हिंदी सर्रास चालते’ एवढंच बापूजी म्हणाले असते तर वाद घालता आला असता, चूक काढता आली नसती. ‘आम भाषा’ म्हटल्यानं मराठी शहराबाहेर ढकलली गेली. माझ्या लेखी ही ढिसाळ लेखणी आहे. गाण्याच्या सालाइतकी निखळ चूक नाही.

गाण्याच्या सालाबद्दल निर्मात्यांनी सोशल मीडियावर माफी मागितली आणि बरोबर साल दिलं, हे चांगलंच झालं. पण तिथे ती वाचणारे आणि रात्री जेवताना मालिका पाहणारे, हे सगळे एकच नसतात. वर्तमानपत्र शुद्धिपत्र वर्तमानपत्रातच छापतं. मालिकेनंही दुरुस्तीची पाटी पुढच्या भागाच्या सुरुवातीला दाखवावी, आणि पुनःप्रक्षेपणाआधी ते वाक्य नव्यानं डब करून घ्यावं. डबिंगला फार तर अर्धा तास लागेल.