उतारवयातली भूल : दोन औषधं, बेताची मात्रा

पडून खुब्याचं हाड मोडलेल्या आजी-आजोबांना बरेचदा कमरेखालची भूल देतात. मणक्यातल्या त्या इंजेक्शनात मुख्य औषध बुपिव्हाकेन. त्याची मात्रा वाढली की वयस्कर माणसाचं ब्लडप्रेशर झपाट्यानं उतरतं. म्हणून बुपिव्हाकेन कमी करून जोडीला फेंटानिल घालतात, साधारण १० ते २५ मायक्रोग्रॅम. २ मिलीच्या ॲम्प्यूलमध्ये १०० मायक्रोग्रॅम असतात. म्हणजे सिरिंजमध्ये जातं फार तर अर्धा मिली! तेवढ्यानं वेदना दबते, प्रेशरही सांभाळलं जातं. अंगाला खाज मात्र सुटू शकते.

फेंटानिल मॉर्फिनच्याच कुळातलं, पण ५० ते १०० पट तीव्र. बेल्जियमच्या पॉल यान्सेन यांनी ते १९६०च्या सुमारास बनवलं.

मणक्यातून दिलेलं मॉर्फिन जास्त वेळ टिकतं, आणि खरी काळजी तिथेच आहे. श्वास कित्येक तासांनी मंदावू शकतो, म्हणून २४ तास लक्ष ठेवावं लागतं. किडनी थकलेली असेल तर मॉर्फिनचे अंश शरीरात साठत जातात. पूर्ण भुलीत वापरल्या जाणाऱ्या रेमिफेंटानिलची मात्रा तर ऐंशीच्या घरातल्या रुग्णाला तरुणाच्या निम्मीच पुरते.

झोपेची गोळी, घोरताना श्वास अडकणं, किडनीचा त्रास यांतलं काहीही असेल तर ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञांना न विसरता सांगा. चालू गोळ्यांची पाकिटंही सोबत न्या.