काचपेटीतील कलह

काचेच्या पेटीत रंगीत मासे पाळण्याची हौस पुष्कळ घरांत आढळते. त्यांतील सिक्लिड कुळातील मासे रूपाने देखणे, पण स्वभावाने भांडखोर. गोव्याच्या खाड्यांतील कालुंदर याच कुळातला. एखाद्या सकाळी पेटीतील माशाची शेपटी फाटलेली, पर कुरतडलेले दिसतात आणि आपण हल्लेखोराला दुष्ट ठरवितो. वस्तुतः हा कलह बहुधा जागेचा असतो.

आफ्रिकेतील मलावी सरोवरात खडकवासी सिक्लिडांचा नर आपल्या कपारीचे रक्षण करतो. दुबळा मासा दूर पळतो व भांडण मिटते. काचपेटीत त्याने पळावे कोठे? म्हणून पेटी प्रशस्त असावी. दगडांच्या कपारी अशा रचाव्यात, की माशांना एकमेकांच्या दृष्टीआड होता येईल. या जातींत एका नरामागे तीन-चार माद्या ठेवाव्यात, म्हणजे सारा जाच एकीच्याच वाट्यास येत नाही. नवा मासा सोडताना दगडांची मांडणी बदलावी, म्हणजे जुन्या सीमा पुसल्या जातात.

जखमी माशास तत्काळ वेगळे ठेवून पाणी स्वच्छ राखावे. पराचे मूळ शाबूत असल्यास तो काही आठवड्यांत पुन्हा वाढतो. कडा पांढुरक्या होऊन झडू लागल्या, तर मात्र जंतुसंसर्गाची शंका घेऊन औषधोपचार करावा. तथापि बरा झालेला मासा पुन्हा त्याच अपुऱ्या जागेत सोडला, तर औषध व्यर्थच.

पेटीच्या भिंती आपण उभ्या केल्या आहेत; आतील दुबळ्याच्या जिवाची जबाबदारीही आपलीच.