गिटारचा आवाज जाड करायचाय? नवा पिकअप विकण्याआधी एक वायर हलवून बघा

पिंप्राळ्यात किंवा जळगावात अ‍ॅम्प्लिफायर-मिक्सर दुरुस्तीचं दुकान टाकायचं म्हणत असाल, तर व्हिडिओत घाईत सांगितलेलं हे काम इथे नीट वाचा. आषाढीला पिंप्राळ्याचा रथ निघतो, तोवर लग्नसराई आटोपलेली असते. ऑर्केस्ट्रावाले मोकळे असतात आणि गणपतीआधी वाद्यं दुरुस्त करून घेतात. त्यातला एखादा गिटारवाला म्हणणार, "दादा, लीड वाजवताना आवाज पातळ येतो. काही करता येईल का?"

नवा पिकअप सुचवायचा मोह होतो. थांबा, आधी गिटार उघडा.

सिंगल कॉइल पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार. गिटारची तार हलली की तिच्यात विजेचा सिग्नल तयार होतो. दोन पिकअप एकत्र वाजतात तेव्हा ते सहसा पॅरलल असतात. प्रत्येकी ६ किलोओहमचे असतील तर मिळून ३. आवाज स्वच्छ, पण बारीक. तेच सिरीजमध्ये जोडले की १२ किलोओहम होतात आणि बॅटरीतल्या सेलसारखा एकाच्या सिग्नलमध्ये दुसऱ्याचा मिळतो. आवाज वाढतो, मधला भाग भरतो आणि ट्रेबल थोडा उतरतो. हा ट्रेबल उतरतो, ते ग्राहकाला आधीच सांगा. काहींना तो आवडत नाही.

आता तीन पिकअपच्या स्ट्रॅटोकास्टर प्रकारच्या गिटारवर काम कसं करायचं ते बघा. नेक पिकअपची ग्राउंडची वायर व्हॉल्यूम पॉटच्या पाठीवर टाकलेली असते. ती सोडवून तीन टोकांच्या स्विचच्या मधल्या टोकाला जोडा. एका बाजूच्या टोकाला ग्राउंड द्या. दुसऱ्या बाजूला मधल्या पिकअपची सिग्नलची वायर जिथे सिलेक्टरला येते तिथून एक तुकडा आणा. झालं! स्विच एका बाजूला असताना गिटार पूर्वीसारखी चालते. दुसऱ्या बाजूला टाकून सिलेक्टर नेकवर ठेवला की दोन्ही पिकअप सिरीजमध्ये. वायरींच्या रंगावर मात्र विसंबू नका, प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे असतात. आणि बॉडीला भोक पाडू नका हो! एका टोन पॉटच्या जागी पुश-पुल पॉट बसतो, त्यातच स्विच असतो.

मी मुद्दाम मधला पिकअप घेतलाय. बऱ्याच गिटारमध्ये तो उलटा गुंडाळलेला आणि उलट्या चुंबकाचा असतो, त्यामुळे या जोडीत ५० हर्ट्झची घरघर एकमेकांना मारते. तसा नसेल तर घरघर उलट वाढेल. वेगवेगळ्या कंपन्यांचे पिकअप असले आणि आवाज नाकातून आल्यासारखा लागला, तर एकाच्या दोन वायरी अदलाबदल करून बघा.

टेलिकास्टर आली तर जपून. तिच्या नेक पिकअपचं धातूचं कव्हर पिकअपच्याच ग्राउंड वायरला जोडलेलं असतं. ते वेगळं करून स्वतंत्र ग्राउंड दिलं नाही, तर कव्हरला हात लागला की आवाज करतं.

काम झाल्यावर ग्राहकासमोर मीटर लावा. गिटारला लीड जोडा, व्हॉल्यूम पूर्ण ठेवा, लीडच्या दुसऱ्या पिनच्या टोकाला आणि दांड्याला मीटर लावा. स्विच दाबल्यावर आकडा साधारण ६ वरून १२ च्या जवळ जातो. जरा कमीच दिसेल, कारण व्हॉल्यूम पॉटही पॅरलल असतो. ही दोन मिनिटं तुमची जाहिरात समजा.

"असं कोणी करतं का?" म्हणून कोणी शंका काढली, तर ब्रायन मेचं नाव सांगा. त्याने १९६३ मध्ये लंडनला वडिलांबरोबर जुन्या फायरप्लेसच्या लाकडातून गिटार बनवायला घेतली. तिचे तिन्ही पिकअप सिरीजमध्ये आहेत आणि प्रत्येकाला स्वतंत्र स्विच आहेत. क्वीन बँडमध्ये त्याने तीच वाजवली. त्या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी तर आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला.

राहिला पैशाचा प्रश्न. स्विचची किंमत आणि मजुरी बिलात वेगळी लिहा, नाहीतर "एवढ्याशा स्विचचे एवढे पैसे?" हे ऐकावं लागेल. वायर सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. आवाज पटला नाही तर पूर्वीसारखं करून देऊ, असं तोंडावर सांगा. कच्चा डाग ऐन कार्यक्रमात सुटला तर वादकाची त्या रात्रीची बिदागी जाते, आणि जळगावातले वादक एकमेकांना ओळखतात. म्हणून प्रत्येक डाग ओढून बघितल्याशिवाय झाकण बंद करायचं नाही.