गालिचा उजळला, पण धुणाऱ्याचे काय?

दिवाळी जवळ आली की घराघरांतून सोफा, पडदे आणि गालिचे यांची आठवण होते. पूर्वी गालिचा गच्चीवर नेऊन काठीने बडवला की काम भागत असे. आता तो भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरलेला असतो, नाहीतर इतका जड असतो की दोघांना उचलवत नाही. मग फोन केला जातो आणि दोन तरुण यंत्र, पाइप, बादली आणि चार-पाच बाटल्या घेऊन दारात हजर होतात. दोन तासांत गालिच्याचे रंग पुन्हा दिसू लागतात. गृहिणी खूष, पैसे चुकते, विषय संपला.

त्या दोन तासांत त्या तरुणांच्या नाकातोंडातून आणि कातडीतून काय काय आत गेले, याचा हिशेब मात्र कुणी ठेवत नाही.

लखनौच्या उत्तरेकडील जानकीपुरमचे उदाहरण या बाबतीत पाहण्यासारखे आहे. सीतापूर रोड आणि कुर्सी रोड यांच्या बाजूने लखनौ विकास प्राधिकरणाने वसवलेली ही वसाहत, आपल्याकडच्या कोथरूडसारखीच नोकरदार मध्यमवर्गाची. लखनौ विद्यापीठाचा दुसरा परिसर इथे आहे. शेजारच्या जानकीपुरम विस्तारात केंद्रीय औषध संशोधन संस्था आहे. ही संस्था १९५१ साली गोमतीकाठच्या छत्तर मंझिल या नवाबी महालात सुरू झाली आणि पुढे इथे आली. याच लखनौत १९६५ साली डॉ. सिब्ते हसन झैदी यांच्या नेतृत्वाखाली औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्र उभे राहिले. आज ते भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था म्हणून ओळखले जाते. कारखान्यातली धूळ आणि रसायने कामगाराच्या शरीरात गेल्यावर काय करतात, याचा अभ्यास हे या केंद्राचे मूळ काम.

विषाचा इतका अभ्यास झालेल्या शहरातही बैठकीच्या खोलीत गालिचा धुणाऱ्या मुलाच्या हातात कोणते रसायन आहे, हे पुष्कळदा त्यालाच ठाऊक नसते. नागपूर, नाशिक किंवा पणजीत याहून वेगळे काही आहे असे मुळीच नाही.

बाटलीत काय असते?

गालिच्याच्या शाम्पूत मुख्यतः फेस आणणारे पदार्थ असतात. त्यांतला एक नेहमीचा म्हणजे सोडियम लॉरिल सल्फेट. तो नीट पातळ करून वापरला आणि यंत्राने पुन्हा ओढून घेतला तर फारसा त्रास होत नाही. पण ‘जास्त घातले की जास्त स्वच्छ’ ही समजूत कपडे धुण्यापासून चालत आलेली आहे. शाम्पू दाट राहिला की तो गालिच्यात वाळतो, त्याची बारीक पूड होते आणि पावलागणिक हवेत उडते. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात याची उदाहरणे आहेत. एका कार्यालयातील बहुतेक कर्मचाऱ्यांना आणि एका पाळणाघरातील सेविका व मुलांना खोकला, घशाची जळजळ असा त्रास सुरू झाला. शोध घेता कारण निघाले ते गालिच्यात राहून गेलेला शाम्पू! पाळणाघरात तो एकदाच वापरला होता. धुणारा मुलगा तो रोज तीन-तीन घरांत हाताळतो.

दुसरी बाटली तेलकट डागांची. अनेक डाग-काढू द्रवांत २-ब्युटॉक्सिइथेनॉल नावाचा द्रावक असतो. त्याला फार उग्र वास नसतो, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. प्रत्यक्षात तो वाफेतून जसा शरीरात जातो तसाच कातडीतूनही शोषला जातो. डोळे चुरचुरणे, डोके दुखणे ही त्याची पहिली लक्षणे. अमेरिकेतील कायद्याने कामाच्या जागी हवेच्या दहा लाख भागांत त्याचे ५० भाग चालतात. तिथल्याच व्यावसायिक आरोग्य संस्थेची शिफारस मात्र अवघ्या ५ भागांची आहे. या दोन आकड्यांमधली तफावत पाहूनच शहाण्याने खिडकी उघडावी. काही ठिकाणी ड्रायक्लीनिंगचे पर्क्लोरोएथिलीनही डागांसाठी वापरले जाते. माणसात बहुधा कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याची नोंद केलेली आहे.

सर्वांत फसवी बाटली असते ती गंजाच्या डागांची. लोखंडी कपाटाच्या किंवा टेबलाच्या पायाखाली गालिच्यावर तांबूस वर्तुळ उमटते. ते काढणाऱ्या काही व्यावसायिक द्रवांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असते. साधे आम्ल हातावर पडले की लगेच भाजते आणि माणूस नळाकडे धावतो. हे आम्ल सौम्य असेल तर लगेच दुखतही नाही. कित्येक तासांनी, रात्री घरी गेल्यावर, बोटे ठणकू लागतात. तोवर ते कातडीखाली उतरून शरीरातल्या कॅल्शियमवर घाला घालू लागलेले असते. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल लावतात. पण आपल्याला काय लागले आहे हेच माहीत नसलेला मुलगा डॉक्टरला सांगणार तरी काय?

आणि मग घरगुती प्रयोग! कामगाराची बाटली चालली नाही की घरातली ब्लीचिंगची बाटली पुढे होते, पाठोपाठ न्हाणीघर साफ करायचे आम्ल. ही दोन एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. ब्लीचमध्ये अमोनिया असलेला द्रव मिसळला तरी घातक वायू तयार होतो. बंद वातानुकूलित खोलीत हे घडले तर पळायलाही वेळ मिळत नाही.

रुमाल बांधला म्हणजे झाले?

पुष्कळ मुले तोंडावर रुमाल बांधतात. करोनाच्या साथीनंतर काहींकडे चांगले मास्कही आले. कोरडी धूळ ओढताना मास्क उपयोगी पडतो, रुमाल नावापुरताच. पण द्रावकाची वाफ साध्या धुळीच्या मास्कमधून सहज आत जाते. त्यासाठी कोळशाची गाळणी असलेला वेगळा मास्क लागतो. तो कुणाच्या पिशवीत सापडला तर नवलच म्हणायचे. हातमोज्यांचेही तसेच. दवाखान्यातले पातळ रबरी मोजे द्रावकाने लवकर हार मानतात; नायट्राइलचे जाड मोजे त्याहून बरे.

विजेचा धोका तर डोळ्यांसमोरच असतो, म्हणूनच दिसत नाही. ओला गालिचा, अनवाणी पाय, हातात धातूची नळी आणि मधे जोड दिलेली, टेप गुंडाळलेली वायर. पाणी ओढणारे यंत्र बरीच वीज खाते. ते तीन पिनांचा प्लग काढून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये कसेबसे अडकवले की अर्थिंग संपले. घरात ३० मिलिअँपिअरचे गळतीरोधक स्विच बसवलेले असेल तर वीज भलतीकडे वाहू लागताच ते क्षणात पुरवठा तोडते. जुन्या घरांत ते नसते. नव्या घरांत असते, पण सारखे पडते म्हणून काही जण तेच काढून टाकतात!

गुडघे आणि कंबर यांचे दुखणे सावकाश येते. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा एवढा ओलावा नुसत्या दमट हवेतूनही धरून ठेवू शकते. धुतल्यावर तर गालिच्याचे वजन विचारूच नका. तो गुंडाळून जिन्यावरून गच्चीत न्यायचा आणि दिवसभर गुडघ्यांवर बसून कोपरे घासायचे, असे काम वर्षानुवर्षे केले की वाटीपुढची पिशवी सुजते. इंग्रजीत या दुखण्याला मोलकरणीच्या गुडघ्याचे नाव आहे, यात सगळे आले.

कायदा दाराबाहेर

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती यांविषयीची संहिता संसदेने २०२० साली मंजूर केली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली. पण तिच्यातील आस्थापना म्हणजे सर्वसाधारणपणे दहा किंवा अधिक कामगारांची जागा. एक मालक, तीन मुले आणि दोन मोटारसायकली एवढा ज्याचा पसारा, तो या व्याख्येत बसत नाही. याच उत्तर प्रदेशात भदोहीला गालिचे विणले जातात. तिथल्या मोठ्या धुलाईखान्यात निरीक्षक निदान पोचू तरी शकतो. जानकीपुरमच्या किंवा कोथरूडच्या दिवाणखान्यात तो कसा येणार?

म्हणजे त्या दोन तासांपुरता आपला दिवाणखाना हाच कारखाना आणि घरातली बाई हीच तिथली देखरेख करणारी. हे तिला कुणी सांगितलेले नाही आणि तिच्यावर भार टाकणे तसे न्यायाचेही नाही. जबाबदारी मालकाचीच. पण समोर हजर असते ती तीच. तिला करता येण्यासारखे बरेच आहे आणि त्याला खर्चही फारसा नाही. फोनवर काम ठरवतानाच विचारावे की बाटल्यांवर मूळ चिठ्ठी आहे ना? पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून आणलेला बिननावाचा द्रव सरळ नाकारावा. काम चालू असताना खिडक्या उघड्या, पंखा चालू आणि मुले दुसऱ्या खोलीत असावीत. यंत्र लावण्यासाठी चांगला तीन पिनांचा सॉकेट दाखवावा. बसायला जुनी गादी किंवा रबरी पाट द्यावा. सर्वांत महत्त्वाचे, ‘भैया, जरा लवकर आटपा, पाहुणे यायचेत’ असे म्हणू नये. शाम्पू दाट होतो आणि खिडकी बंद राहते ती याच घाईत. गालिचा वाळायला वेळ लागतो, तेव्हा पाहुण्यांच्या आदल्या दिवशी हे काम काढूच नये.

एवढे करूनही डोळ्यात काही उडाले तर पापण्या उघड्या धरून नळाच्या वाहत्या पाण्याने निदान पंधरा मिनिटे धुवावे आणि त्यानंतरच दवाखान्याची वाट धरावी. अंगावर सांडले असेल तर भिजलेले कपडे आधी उतरवावेत. बाटली फेकून न देता डॉक्टरकडे सोबत न्यावी. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या क्रमांकावर रात्रंदिवस सल्ला देते. पण त्यांचा पहिला प्रश्न बाटलीवर काय लिहिले आहे हाच असतो.