कांचनगंगा शिखराचे आरोहण (यालुंग मार्ग)

कांचनगंगा (कांचनजुंगा) हे ८,५८६ मीटर उंचीचे, जगातील तिसऱ्या क्रमांकाचे शिखर नेपाळ व सिक्कीम यांच्या सीमेवर आहे. सिक्कीमच्या लोकांना ते पवित्र असून त्या बाजूने आरोहणास बंदी असल्यामुळे बहुतेक मोहिमा नेपाळमधील यालुंग हिमनदीच्या वाटेने जातात. पुण्याच्या 'गिरिप्रेमी' (स्थापना १९८२) या संस्थेच्या १० गिर्यारोहकांनी उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली १५ मे २०१९ रोजी हे शिखर सर केले.

पदयात्रा

आरोहणाविषयीच्या वर्णनांत बेस कॅम्पपर्यंतची पदयात्रा बहुधा एकदोन वाक्यांत उरकलेली असते. वस्तुतः आरोहणाचे यश बऱ्याच अंशी तेथेच ठरते. वाट पूर्व नेपाळच्या ताप्लेजुंग जिल्ह्यातून निघते. प्रारंभी डोंगरउतारावरची पायऱ्यापायऱ्यांची शेते व मसाला वेलचीची लागवड लागते. वाट एकसारखी चढत नाही. ती नदीच्या खोऱ्यात उतरते आणि पुन्हा दुसऱ्या धारेवर चढते. सह्याद्रीत भटकणाऱ्यास हा चढउतार ओळखीचा वाटतो. याम्फुदिन गावानंतर वस्ती विरळ होते, ऱ्होडोडेंड्रॉनची जंगले लागतात आणि सुमारे ३,९०० मीटर उंचीवरील छेरामच्या पुढे झाडे संपतात. रामचे येथून पुढे हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीच्या ढिगाऱ्यांवरून चालत सुमारे ५,४०० मीटर उंचीवरील बेस कॅम्प गाठावा लागतो. तंबू, शिधा, दोर असे पुष्कळसे सामान या वाटेने भारवाहकांच्या पाठीवरून जाते.

बेस कॅम्पवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो, शिखरावर तो एकतृतीयांशाच्या आसपास येतो. विरळ हवेत शरीर प्रथम श्वासाचा वेग वाढवते. रक्तातील तांबड्या पेशी वाढण्यास मात्र काही आठवडे लागतात. म्हणून ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज सुमारे ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि तीनचार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, असा संकेत आहे. तो मोडल्यास डोकेदुखी व मळमळ यांवरच भागेल असे नाही. फुप्फुसांत पाणी साठणे किंवा मेंदूला सूज येणे हे विकार जिवावर बेततात. त्यांवरचा खरा उपाय म्हणजे रुग्णास तातडीने खाली नेणे. धडधाकट, वेगाने चालणारा तरुणही यातून सुटत नाही, किंबहुना वेगाच्या भरात तोच अधिक सापडतो.

आरोहण

बेस कॅम्पपासून शिखर सुमारे ३,२०० मीटर उंच आहे. समुद्रसपाटीपासून मोजलेली जवळजवळ दोन कळसूबाई (१,६४६ मीटर) एकावर एक ठेवावीत, इतके. वर सहसा चार छावण्या लावतात. गिर्यारोहक वरच्या छावणीत सामान पोहोचवून वा एखादी रात्र काढून खाली परततात आणि अशा फेऱ्यांनी शरीर तयार करतात. त्यानंतर वारा मंदावण्याची वाट पाहिली जाते. मे महिन्यात असे थोडेच दिवस मिळतात.

शेवटची छावणी सुमारे ७,३०० मीटरवर, 'ग्रेट शेल्फ' नावाच्या हिमपठाराच्या परिसरात असते. एव्हरेस्टच्या नेपाळकडील वाटेवरील शेवटची छावणी ७,९०० मीटरच्या आसपास आहे. म्हणजे कांचनगंगेवर अखेरच्या चढाईतच सुमारे १,३०० मीटर चढून तितकेच उतरायचे असते, आणि बर्फाच्या लांबलचक उतारानंतर माथ्याजवळ खडकांतून आडवे जावे लागते. या शिखराची ख्याती कठीण म्हणून आहे, त्याचे हे एक मोठे कारण होय.

इतिहास

१९०५ साली यालुंगच्या बाजूने झालेल्या प्रयत्नात हिमप्रपाताखाली अ‍ॅलेक्सिस पाशे व तीन भारवाहक मृत्युमुखी पडले. चार्ल्स इव्हान्स यांच्या ब्रिटिश मोहिमेतील जॉर्ज बँड व जो ब्राउन यांनी २५ मे १९५५ रोजी प्रथम यश मिळवले. सिक्कीमच्या राजास दिलेल्या शब्दाप्रमाणे ते माथ्याच्या काही फूट खालीच थांबले. भारतीय सेनेच्या मोहिमेने १९७७ मध्ये कर्नल नरेंद्र कुमार यांच्या नेतृत्वाखाली सिक्कीमच्या बाजूने शिखर गाठले.

गिरिप्रेमीचा संघ शिखरावर पोहोचला त्याच सुमारास, मे २०१९ मध्ये, कोलकात्याच्या दोन गिर्यारोहकांचा कांचनगंगेच्या वरच्या टप्प्यात मृत्यू झाला. इतक्या उंचीवर हेलिकॉप्टर सहसा पोहोचू शकत नाही. थकलेल्या किंवा आजारी आरोहकास शेर्पा व सहकाऱ्यांनाच दोरांच्या आधाराने खाली आणावे लागते.