घरासाठी मोटार निवडताना



एके काळी गावात मोटार म्हटली की ती डॉक्टरांची, नाहीतर साखर कारखान्याच्या चेअरमनची. आज तसे राहिलेले नाही. शाळेतले गुरुजी, दुधाचा धंदा करणारा शेतकरी, बाजारपेठेतला दुकानदार, अशी मंडळीही घरासाठी लहान मोटार घेण्याचा विचार करतात. घर बांधण्याच्या खालोखाल कुटुंबाचा हा मोठा खर्च. असे असूनही, बैल घेताना आपण जितकी चौकशी करतो तितकीही मोटार घेताना करीत नाही. बैलाचे दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. मोटारीचा मात्र रंग पाहतो आणि हप्ता विचारतो. आज सांगावयाचे आहे ते एवढेच, की मोटारही बैलासारखीच पारखून घ्यावी. आणि तिची खरी पारख, ती पाच वर्षे वापरलेल्या माणसाच्या अंगणात होते.

ज्या लहान मोटारीला 'हॅचबॅक' म्हणतात ती कशी असते, हे आधी पाहू. 'हॅच' म्हणजे जहाजाच्या डेकवरचे उचलायचे झाकण. ज्या गाडीच्या पाठीमागे काचेसकट वर उचलले जाणारे दार असते, आणि आतले मागचे आसन आडवे पाडले की मालाला जागा होते, ती हॅचबॅक. फ्रान्समध्ये रेनो कंपनीने १९६१ साली 'रेनो ४' नावाची गाडी काढली, ती याच घाटाची. कामाच्या दिवशी माल आणि सुटीच्या दिवशी कुटुंब, दोन्हींना एकच गाडी पुरावी, हा तिच्यामागचा विचार. अशा ऐंशी लाखांवर गाड्या बनल्या. आपल्याकडे डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली, १९९८ च्या अखेरीस पुण्याजवळच्या पिंपरीत बनलेली टाटा इंडिका आली, आणि हा घाट आपल्या ओळखीचा झाला.

आता निवडीकडे वळू. पहिला प्रश्न 'कोणती गाडी चांगली?' हा नाही. पहिला प्रश्न, 'आपले काम काय?' एक महिनाभर वहीत टिपून ठेवा: कुठे जावे लागले, किती किलोमीटर, माणसे किती, सामान काय. पुष्कळदा असे दिसते, की रोजचा प्रवास दोघांचा आणि वीस-पंचवीस किलोमीटरचा. आठवड्यातून एकदा चौघांचा. आणि आठ माणसे न्यायची वेळ वर्षातून दोनदा, लग्नसराईत. त्या दोन दिवसांसाठी भाड्याची गाडी करावी. उरलेल्या दिवसांचे काम जी करील, ती आपली गाडी.

दुसरी गोष्ट पैशाची. समजा, सहा लाखांचे कर्ज दर साल दर शेकडा ९ व्याजाने घेतले. मुदत पाच वर्षांची ठेवली, तर हप्ता सुमारे १२,४५० रुपये बसतो आणि एकूण व्याज जाते सुमारे १ लाख ४७ हजार. मुदत सात वर्षांची केली, तर हप्ता ९,६५० वर येतो खरा, पण व्याज होते सुमारे २ लाख ११ हजार. हप्ता हलका वाटावा म्हणून चौसष्ट हजार रुपये जास्त मोजावे लागले! शिवाय गाडीची छापील किंमत वेगळी आणि ती दारात येईपर्यंतची किंमत वेगळी. त्यात रस्ता-कर येतो, पासिंग येते, विमा येतो. नव्या मोटारीचा तिसऱ्या पक्षाचा विमा २०१८ पासून एकदम तीन वर्षांचा भरावा लागतो. पुढे बॅटरी तीन ते पाच वर्षांनी, टायर सुमारे चाळीस-पन्नास हजार किलोमीटरनंतर, आणि ऑइल बहुतेक गाड्यांत वर्षातून एकदा किंवा दहा हजार किलोमीटरला बदलावे लागते. हत्ती घेणे एक वेळ सोपे, पोसणे कठीण, असे जाणते म्हणतात ते यासाठीच.

तिसरा प्रश्न सर्वांच्या तोंडी असतो: 'अ‍ॅव्हरेज किती देते?' कंपनी जो आकडा छापते तो प्रमाणित चाचणीतला असतो. पुण्यातील एआरएआय या संस्थेत अशा चाचण्या होतात. तेथे गाडी रोलरवर ठरावीक वेगाने, ठरावीक वेळ चालते. तेथे एसटीच्या मागे रखडणे नाही, खड्डा नाही, घाट नाही. म्हणून रस्त्यावरचा आकडा त्याहून कमी येतो; यात फसवणूक नाही, मोजण्याची रीतच वेगळी. खरा आकडा हवा तर टाकी काठोकाठ भरावी, किलोमीटर टिपावेत, आणि चारपाचशे किलोमीटरनंतर त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरून भागाकार करावा. हा हिशेब ठेवणारा मालक भेटला, तर त्याचा शब्द प्रमाण मानावा.

सीएनजीचेही असेच गणित आहे. सीएनजीची गाडी पेट्रोलच्या गाडीपेक्षा नव्वद हजारांनी महाग धरू. पेट्रोल लिटरला १०० रुपये आणि लिटरमागे १८ किलोमीटर. सीएनजी किलोला ९० रुपये आणि किलोमागे २५ किलोमीटर, असे धरले, तर महिना हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे जवळजवळ १,९५० रुपये वाचतात, आणि जादा दिलेले पैसे चार वर्षांच्या आत फिटतात. परंतु महिना चारशेच किलोमीटर फिरणाऱ्याला तेच पैसे फिटायला साडेनऊ वर्षे लागतील! भाव आपल्या गावचे घालून हा हिशेब मुलांकडूनच करून घ्यावा. सातवीच्या गणिताला याहून चांगले उदाहरण कोणते? आणखी दोन गोष्टी ध्यानात असू द्या. गॅसची टाकी डिकीतली जागा खाते, आणि दर तीन वर्षांनी तिची तपासणी करून घ्यावी लागते. पंप तीस किलोमीटरवर असेल, तर येणे-जाणेही खर्चात धरा.

आता मालकाला विचारायचे कसे, ते सांगतो. 'गाडी कशी आहे हो?' असे विचारले, तर उत्तर ठरलेले: 'एक नंबर!' आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, ही माणसाची रीतच आहे. शिवाय पहिली दोन-तीन वर्षे बहुतेक गाड्या कुरकुरत नाहीत. म्हणून पाच वर्षे आणि साठ हजार किलोमीटर झालेला मालक गाठा, आणि नेमके विचारा. टायर-बॅटरीखेरीज कोणता भाग बदलला? त्या भागासाठी गाडी किती दिवस उभी राहिली? पाच माणसे बसली की चेंबर घासते का? घाटात एसी बंद करावा लागतो का? उभ्या गाडीत उंदरांनी वायरी कुरतडल्या का? आणि शेवटी, पुन्हा घ्यायची झाली तर हीच घ्याल का? या शेवटच्या प्रश्नावर माणूस क्षणभर थांबला, तर तेही एक उत्तरच आहे. मग तालुक्याच्या मिस्त्रीकडे जाऊन विचारा, की या गाडीचे सामान तुमच्याकडे मिळते का, की पुण्या-मुंबईहून मागवावे लागते?

गाडी चालवून पाहायला एकट्याने जाऊ नका. सारे घर घेऊन जा. गुडघे दुखणाऱ्या आजीला आसन फार खाली असलेल्या गाडीतून उठताना त्रास होतो. आसन थोडे उंच असेल तर ती सुखाने बसते-उठते. मागे तिघे बसवून पाहा. डिकीत धान्याचे पोते ठेवून पाहा. डिकीचा काठ उंच असला की पोते उचलताना कंबर मोडते. आणि चढावर पूर्ण भार भरून चालवा. रिकामी गाडी गुळगुळीत रस्त्यावर चालवून कळते ते फारच थोडे.

सर्वांत महत्त्वाचे मी शेवटी ठेवले आहे. पैसे वाचविताना जिवाशी खेळ नको. जुनी गाडी घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की जोराने ब्रेक लावला तरी चाके घट्ट अडकू न देणारी एबीएस यंत्रणा प्रत्येक नव्या मोटारीला एप्रिल २०१९ पासून, आणि पुढे दोन एअरबॅग २०२२ पासून सक्तीच्या झाल्या. त्याआधीच्या गाडीत ही साधने आहेत का, हे पाहून घ्या. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही धडक-चाचणी आपल्या देशात सुरू झाली. तिचे तारे विचारा. परंतु तारे कितीही असोत, पट्टा न लावणाऱ्याचे रक्षण कोणतीही गाडी करू शकत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. गाडी महागडी आणि नावाजलेली होती. ते मागे बसले होते आणि पट्टा लावलेला नव्हता. आपल्याकडे मागच्या आसनावरचे पट्टे गादीखाली दडपलेले असतात, आणि लहान मूल पुढे आईच्या मांडीवर असते. धडक बसली तर ते मूल हातात धरून ठेवण्याची ताकद कोणत्याही आईच्या अंगात नसते, आणि पुढची एअरबॅग त्याच्यावरच आदळते. मूल मागे, त्याच्या मापाच्या आसनात, पट्ट्याने बांधलेले असावे. मूल बांधलेले असावे, हे कायदाही सांगतो. गाडी घेताना मागचे पट्टे वर काढून, सगळे लागतात का, हे तेथेच पाहा. असे पट्टे मुले लावून बसली, म्हणजे मग रंग कोणताही घ्या.